तुती, फालसा, करवंद : उरुळी कांचनकडच्या नर्सरीतून आणलेल्या फळझुडपांचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी तेवढंच वाचावं. पुण्यात अंगणात किंवा गच्चीवर मऊ, रसाळ, तोडून लगेच तोंडात टाकायची फळं हवी असतील तर पहिलं झाड तुतीचं घ्या, पण बियांपासून केलेलं नको, काडीपासून केलेलंच घ्या, आणि ज्या झाडाची काडी आहे ते झाड फळांनी लगडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच घ्या. जागा असेल तर जोडीला फालसा. कंपाउंडची भिंत मोकळी असेल आणि तीनेक वर्षं थांबायची तयारी असेल तर करवंद. ब्लूबेरी आणि रास्पबेरीच्या मागे पुण्याच्या उन्हात आणि बोअरच्या पाण्यावर अजिबात लागू नका, ते का ते खाली सांगते.

आमचं रो-हाऊस आहे, मागे चिंचोळं अंगण आणि वर गच्ची. माती काळी, चुनखडीची, पाणी निम्मं वर्ष बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. म्हणजे ज्यांच्याकडे कोकणातली लाल माती आणि विहिरीचं गोड पाणी आहे त्यांनी माझे अनुभव थोडे कमीजास्त करून घ्यावेत.

नर्सरी सोलापूर रोडवर, उरुळी कांचनच्या थोडी अलीकडे. ह्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, मांजरी सोडली की सुरू होतात. नाव देत नाहीये कारण मी पुढे काही तक्रारीही लिहिणार आहे आणि मालक माणूस म्हणून फार चांगले आहेत. तिकडे गेल्यावर एक गोष्ट लक्षात येते की पुढच्या भागात सगळीकडे तेच ते, शोभेची झाडं, पाम, बोगनवेल, गुलाब, आणि फळझाडं म्हणाल तर आंबा, चिकू, पेरू, लिंबू ह्यांची कलमं. तुती-फालसा असं काही मागितलं की बऱ्याच ठिकाणी माणूस मागे कुठेतरी जाऊन एक मरतुकडं रोप घेऊन येतो आणि "हीच ती" म्हणून हातात देतो. इथे तसं झालं नाही. इथले मामा (सगळे त्यांना मामाच म्हणतात) मला थेट मागच्या बांधावर घेऊन गेले, तिथे त्यांचं स्वतःचं तुतीचं मोठं झाड आहे, फेब्रुवारी संपत आलेला, आणि झाडावर हिरवी, लाल, काळी अशी तिन्ही रंगांची फळं एकाच वेळी. म्हणाले, "ताई, आधी खाऊन बघा. आवडलं तर ह्याचंच रोप देतो." मातृवृक्ष दाखवणारी नर्सरी ही माझ्या दृष्टीने निम्मी परीक्षा तिथेच पास होते.

हे इतकं महत्त्वाचं का, तर तुतीत नर फुलांची झाडं वेगळी असतात. त्यांना नुसते तुरे येतात, फळ कधीच धरत नाही. बियांपासून आलेलं रोप नर निघेल की मादी हे आधी कळत नाही. काडी लावली की जसं आईझाड तसंच पोर, त्यामुळे प्रश्नच मिटतो. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याकडे मराठवाड्यात, जालना-बीडकडे, रेशीम शेतीसाठी तुती मोठ्या प्रमाणावर लावतात, आणि तिथली व्ही-१ वगैरे वाणं म्हैसूरच्या रेशीम संशोधन संस्थेने पानांसाठी निवडलेली आहेत, मोठी जाड रसरशीत पानं, अळ्यांना खायला. ती रोपं स्वस्तात मिळतात म्हणून काही लोक तीच "तुती" म्हणून विकतात. फळासाठी ती नकोत. विचारून घ्या, फळाची की पाल्याची.

मामांनी रोप निवडताना जे दाखवलं ते मी तेव्हापासून प्रत्येक नर्सरीत करते. एका पिशवीतल्या रोपाला चांगली चार-पाच फळं लटकत होती, मी साहजिकच तिकडे हात केला. त्यांनी ते बाजूला सारलं. "त्याच्या फळाला भुलू नका. काडीत आधीची ताकद साठलेली असते, तिच्यावर फळ लागतं. खाली मूळ असेल-नसेल." मग दुसरी एक पिशवी आडवी करून तळाची भोकं दाखवली, त्यातून पांढरी बारीक मुळं डोकावत होती, आणि अंगठ्याच्या नखाने खोडाची साल जराशी खरवडली, आत ओलं हिरवंगार. फांदीवर डोळे फुगलेले. "हे न्या." दीडशे रुपयांचं रोप. फळ नसलेलं, पानंही जेमतेम, पण ते मी आणलं आणि पावसाळा संपेपर्यंत ते माझ्या खांद्याच्या वर गेलं.

आता तुती म्हणजे नेमकी कुठली, तर साधारण दोन प्रकार मिळतात. एक आपली नेहमीची, बोटाच्या पेराएवढी, पिकली की काळीजांभळी, आंबटगोड. दुसरी लांब, बोटभर किंवा त्याहून लांब, तिला पाकिस्तानी तुती म्हणून विकतात, ती चवीला नुसती गोड. माझ्याकडे दोन्ही आहेत. लांबडी दिसायला भारी, पाहुण्यांना दाखवायला मस्त, फोटोही तिचेच छान येतात, पण मला विचाराल तर चवीत साधीच उजवी. आंबटपणा आहे म्हणून तिचा जॅम होतो, सरबत होतं, नुसती खाल्ली तरी तोंडाला चव येते. लांब तुतीचा जॅम करायचा तर लिंबू पिळावंच लागतं, नाहीतर मिळमिळीत होतो. पैसे एकाच रोपाचे असतील तर साधी घ्या.

जागा. जमिनीत लावलं तर हे झुडूप राहत नाही, बघता बघता झाड होतं आणि मुळं लांब पळतात, त्यामुळे ड्रेनेजच्या चेंबरजवळ, पाण्याच्या टाकीजवळ अजिबात लावू नका. मी निळा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून त्याला तळाला भोकं पाडून त्यात लावलंय, एक भाग माती, एक भाग शेणखत, थोडं कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. कुंडीत लावायचं तर निदान अठरा-वीस इंची घ्या, त्याहून लहान कुंडीत उन्हाळ्यात दोनदा पाणी घालत बसावं लागतं आणि एखाद्या दुपारी विसरलात की पानं माना टाकतात. ऊन पूर्ण हवं. सावलीत झाड वाढतं, पान मोठं होतं, फळ येत नाही.

आता खरा मुद्दा, ज्याच्यामुळे तुतीला मी पैकीच्या पैकी मार्क देते. तुतीचं फळ नव्या फुटीवर येतं. जुन्या काडीवरचा डोळा फुटतो, कोवळी फूट बाहेर येते आणि तिच्या पानांच्या बेचक्यात हिरवी बारीक फळं दिसायला लागतात. म्हणजे नवी फूट आणली की फळ आणलं. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, त्यांचं तर वर्षच एप्रिलच्या खरड छाटणीवर आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीवर चालतं. तुतीला इतकं शास्त्र लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत सगळ्या फांद्या निम्म्याने छाटायच्या, बारीक काड्या मुळातून काढायच्या, पेन्सिलीएवढ्या जाड ठेवायच्या, आणि उरलेल्या फांद्यांवरची सगळी पानं हाताने ओरबाडून काढायची, एकही ठेवायचं नाही. बघणाऱ्याला वाटतं हिने झाडाची वाट लावली. आमच्या शेजारच्या काकांनी तर विचारलंच, "वहिनी, चांगल्या झाडाला काय झालं?" थोड्या दिवसांत प्रत्येक डोळ्यातून हिरवं टोक बाहेर येतं आणि त्या टोकाबरोबरच फळं. छाटल्यापासून पिकेपर्यंत साधारण दीड-दोन महिने धरा, थंडी जास्त असेल तर थोडं पुढे.

फळं संपली की पुन्हा हलकी छाटणी आणि पाला काढणी केली तर दुसरा बहार येतो. मे महिन्याच्या कडक उन्हात मी करत नाही, झाड आधीच दमलेलं असतं. आणि ऐन पावसात पिकणारा बहार मी मोजतच नाही, फळ पाणचट होतं, गळतं, त्यावर मुंग्या आणि माश्या. पाऊस ओसरल्यावर केलेल्या छाटणीचं फळ मात्र चांगलं येतं.

तोडायचं कसं हेही सांगते कारण पहिल्या वर्षी सगळेच लाल झालेलं फळ तोडतात. लाल म्हणजे पिकलेलं नाही, आंबटढाण असतं. पूर्ण काळं झालं, जरा फुगून चकाकी कमी झाली, नुसतं बोट लावल्यावर हातात आलं, की ते पिकलं. ओढावं लागतंय तर राहू द्या, उद्या या. देठ फळाबरोबरच येतो, खाताना तो दाताने तोडून टाकायचा. आणि तुती टिकत नाही, फ्रिजमध्येही दोन दिवसांत बसते, म्हणूनच बाजारात चांगली मिळत नाही आणि म्हणूनच ती घरी लावायची. जास्त आली तर न धुता ताटलीत पसरून फ्रीझरमध्ये ठेवायची, कडक झाली की डब्यात भरायची. फरशीवर पडली तर डाग पडतो आणि तो लगेच धुतला नाही तर मुरतो, त्यामुळे झाड पांढऱ्या टाइल्सवर ठेवू नका आणि कपडे वाळत घालायच्या दोरीखाली तर नकोच.

रोग-किडीचं म्हणाल तर एकच त्रास, पिठ्या ढेकूण. शेंड्याची पानं चुरगळल्यासारखी आखडतात, गच्च गोळा होतो, आत पांढरी पूड. रेशीमवाले शेतकरी ह्याला टुक्रा म्हणतात आणि त्यांना तो फार जुना ओळखीचा. औषध मारण्याआधी तो शेंडाच कापा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाका, झाडाखाली फेकू नका. मुंग्या ह्या किडीला जपतात, म्हणून खोडाला मुंग्यांची रांग दिसली की समजायचं वर काहीतरी चाललंय. नीमतेलाची फवारणी चालते, पण फळं असताना नको, चव लागते. लेडीबर्ड म्हणजे ढालकिडे दिसले तर त्यांना हात लावू नका, ते हीच कीड खातात.

फालसा. हे रोप मामांकडे एकशेवीसला मिळालं, बियांपासून केलेलं, आणि फालशाला ते चालतं. पुण्या-मुंबईत एप्रिल-मेमध्ये गाडीवर छोट्या ढिगाने फालसे विकायला येतात, ज्यांनी ते मीठ लावून खाल्लेत त्यांना मी काही समजवायची गरज नाही. वाटाण्याएवढं फळ, जांभळट, आत टणक बी, वर मोजून मिलिमीटरभर गर, पण त्या गराची चव दुसऱ्या कशाला नाही. पान मोठं, खरखरीत, हृदयाच्या आकाराचं, फुलं छोटी पिवळी. झाड वर वर जायला बघतं, म्हणून डिसेंबरअखेर ते पानं गाळायला लागलं की साधारण कमरेच्या उंचीवर सरळ आडवं छाटून टाकायचं. फालसाही नव्या फुटीवरच फळतो, न छाटलेल्या झाडावर फळ येतं पण उंच, हाताला न लागणारं आणि कमी. छाटलेल्या झाडाच्या बुंध्यातून पिचकारीसारखे सोट बाहेर पडतात आणि मार्चमध्ये त्या सोटांवर पानागणिक फुलांचे झुपके.

फालशाचं एकच नकारात्मक, आणि ते माहीत असूनच घ्या, फळं एकदम पिकत नाहीत. एकाच घोसात एक जांभळं, दोन लाल, तीन हिरवी. त्यामुळे रोज किंवा एक दिवसाआड वाटी घेऊन झाडाखाली उभं राहायचं, पिकलेलं तेवढं टिपायचं. मला स्वतःला हे आवडतं, सकाळी चहाआधीचं काम आहे ते माझं, पण नोकरीवरून रात्री आठला घरी येणाऱ्यांना बुलबुल काही शिल्लक ठेवणार नाहीत. एका झाडाच्या रोजच्या वेच्यात नुसतं खायला भरपूर मिळतं, सरबताला मात्र दोन-तीन वेचे साठवावे लागतात, आणि तोडलेला फालसा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, म्हणून मी वेचला की लगेच साखर लावून फ्रीजमध्ये ठेवते. पुरेसा झाला की हाताने कुस्करायचा, गाळणीवर चोळून बिया काढायच्या, पाणी, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. सासूबाईंचं म्हणणं की उन्हाळ्यात कोकमाच्या खालोखाल हेच, आणि कोकणातली बाई कोकमाच्या खालोखाल कशाला जागा देते म्हणजे बघा.

दुसऱ्या वर्षी फळं आली. मार्क दहापैकी आठ. दोन कापले ते रोजच्या वेचणीसाठी.

करवंदाबद्दल माझं मत जरा भावनेचं आहे हे आधीच सांगते. लोणावळा-कर्जतकडे एप्रिल-मेमध्ये पानाच्या द्रोणातून करवंदं विकणाऱ्या बायका बसतात, त्या चवीचं काहीतरी दारात असावं म्हणून मी ते मागितलं. कृपा करून डोंगरातून झुडूप उपटून आणू नका, मूळ खडकात खोल गेलेलं असतं, ते तुटतं आणि झुडूप जगत नाही, उगाच तिथलंही गेलं आणि इथलंही. नर्सरीतलं रोप घ्या. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकण बोल्ड नावाचं मोठ्या फळाचं वाण काढलेलं आहे, शक्य असेल तर ते नाव घेऊन मागा. मामांकडे ते नव्हतं, त्यांनी सरळ सांगितलं की माझ्याकडचं गावठी आहे, बियांचं आहे, फळ बारीक-मोठं कसंही निघेल. खोटं लेबल लावून दोनशेचं रोप तीनशेला विकता आलं असतं, ते त्यांनी केलं नाही, हे नोंदवून ठेवते.

करवंद मी भिंतीलगत जमिनीतच लावलं. पहिलं वर्ष काहीच घडत नाही असं वाटतं, बोटभर वाढ, मग दुसऱ्या पावसाळ्यात अंग धरतं. काटे जबरदस्त, जोडीजोडीने, लांब आणि कडक, छाटताना जाड हातमोजे हवेतच, आणि घरात लहान मुलं पळापळी करत असतील तर वाटेवर लावू नका, कोपऱ्यात लावा. कुठलीही फांदी तोडली की पांढरा चीक येतो, हाताला चिकटतो, तेल लावून मग धुवायचा. पण एकदा रुजलं की ह्याच्यासारखं बिनतक्रार झाड नाही, मी उन्हाळ्यातसुद्धा आठवड्याला एखादी बादली देते, बस. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरी फुलं येतात आणि संध्याकाळी त्यांचा मोगऱ्याच्या जातीचा वास येतो, तो वास कोणी मला आधी सांगितलाच नव्हता. तिसऱ्या वर्षी फळं धरली, थोडीच. कच्च्याचं लोणचं एक बाटली झालं, बाकीची पिकू दिली. गावठीच निघाली, बारीक, पण चव डोंगरातलीच. कुंडीत लावणाऱ्यांनी करवंदाची आशा फार धरू नये, जगतं, पण फळ देताना हात आखडतं.

छाटणीत करवंद तुतीच्या उलट आहे हे लक्षात ठेवा. फुलायच्या आधी छाटलं तर त्या वर्षीचं फळ गेलं. फळं संपल्यावर, पावसाच्या तोंडाशी, फक्त आकारापुरतं छाटायचं.

आता ब्लूबेरी. माझ्या धाकट्या जावेने ऑनलाइन मागवली, कुठल्या साइटवरून ते लिहीत नाही. फोटोत फळांनी वाकलेलं झुडूप, आलं ते वीतभर रोप, खोक्यात आडवं, माती निम्मी सांडलेली. साडेनऊशे रुपये. तक्रार केली तर उत्तर आलं की जिवंत रोप परत घेत नाही. पण समजा रोप उत्तम आलं असतं तरी पुण्यात अडचण होतीच, आणि ती विक्रेत्याने पानावर एका ओळीत लिहायला हवी होती. ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते, पीएच साडेचार ते साडेपाच. दख्खनची काळी माती त्याच्या उलट टोकाला, साडेसातच्या पुढेच, आणि वरून बोअरचं क्षारयुक्त पाणी. कोकोपीट आणि पाइनची साल घालून कुंडीत माती जमवली तरी रोजच्या पाण्याने ती हळूहळू पुन्हा तिकडेच सरकते. जावेच्या रोपाची पानं दुसऱ्या महिन्यात पिवळी झाली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, ही लोह न मिळाल्याची खूण, मातीत लोह असतं पण अशा पीएचला झाडाला ते उचलता येत नाही. चिलेटेड लोह दिलं, पावसाचं पाणी साठवून घातलं, पावसाळ्यात जरा सुधारलं, उन्हाळ्यात गेलं. बिलॉक्सी, मिस्टी अशी कमी थंडीवर फळणारी वाणं आहेत आणि नियंत्रित शेतीत लोक ती घेतातही, तिथे पाण्याचा पीएच मोजून आम्ल मिसळून देतात. घरी ज्यांची ती तयारी आहे त्यांनी जरूर करावं, बाकीच्यांनी त्या पैशात सहा तुत्या घ्याव्यात.

रास्पबेरीचं थोडक्यात. महाबळेश्वर-पाचगणीला ती होते कारण तिथली उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, लाल आम्ल माती आणि उन्हाळाही सौम्य. तिथून रोप आणून पुण्याच्या गच्चीवर एप्रिलमध्ये चाळिसाच्या तापमानात ठेवायचं म्हणजे त्या रोपावर अन्याय आहे. आणि ऑनलाइन दहा-वीस रुपयांत जी "निळी स्ट्रॉबेरी", "काळी स्ट्रॉबेरी" अशी बियांची पाकिटं दिसतात ती घेऊच नका, निळी स्ट्रॉबेरी अस्तित्वातच नाही, रंगवलेले फोटो आहेत ते.

नर्सरीच्या तक्रारी लिहिते म्हटलं होतं. पहिली, माती. पिशवीतली लाल माती इतकी घट्ट बसवलेली की वाळली की वीट. तशीच्या तशी मोठ्या कुंडीत ठेवली तर बाहेरची माती ओली आणि आतला गोळा कोरडा राहतो, झाड पाणी असून सुकतं. लावायच्या आधी पिशवीसकट बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, मग पिशवी फाडून कडेची माती बोटांनी अलगद मोकळी करा, मुळं फार न दुखावता. हे नर्सरीने सांगायला हवं, नवीन माणसाला माहीत नसतं. दुसरी, लेबलं. स्केचपेनने कागदावर लिहून स्टेपल केलेली, एका पावसात पुसतात. साधी तुती आणि लांब तुती पान बघून ओळखणं नवख्याला अवघड आहे, मला एकदा दोन्हींपैकी कुठली कुठली हे तिथल्या कामगार मुलालाही सांगता आलं नव्हतं, मामांना फोन करावा लागला. तिसरी, रविवारी जाऊ नका, गर्दीत मामा भेटत नाहीत आणि मामा नसतील तर ती नर्सरी इतर कुठल्याही नर्सरीसारखीच.

चांगलं म्हणाल तर पॅकिंग. गाडीच्या डिकीत रोपं आडवी होणार म्हणून त्यांनी प्रत्येक पिशवीला ओलं गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळलं, शेंडे जुन्या वर्तमानपत्रात. घरी पोचेपर्यंत एक पान मोडलं नाही. आणि विकल्यानंतरची सेवा. टुक्रा आला तेव्हा मी फोटो पाठवला, तासाभरात त्यांचा फोन, "कापा, जाळा, औषधाला पैसे घालवू नका." औषधही तेच विकतात.

शेवटी पक्ष्यांचं, कारण फळ धरल्यावर सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो. बुलबुल, साळुंक्या, तांबट, कोकिळा, सगळे येतात आणि फळ लाल व्हायच्या आधीच येतात. मी सुरुवातीला बाजारात मिळणारी बारीक नायलॉनची जाळी अख्ख्या तुतीवर टाकली होती. एका सकाळी बघते तर लालबुड्या बुलबुलाचा पाय आणि पंख त्यात अडकलेले, तो जितका फडफडेल तितका दोरा आवळतोय. मुलाने त्याला फडक्यात धरलं, मी नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा कापला, पिसांच्या मुळाशी गेलेला धागा शेवटी निघाला. उडाला सुखरूप. ती जाळी त्याच दिवशी काढली आणि कोणाच्याही झाडावर ती दिसली की मी सांगते काढा म्हणून. त्याऐवजी ऑर्गन्झाच्या पोटल्या घ्या, लग्नात सुपारी-बदाम द्यायच्या असतात त्या, मोठ्या आकाराच्या, शंभराचं पाकीट मिळतं. फळांचे झुपके हिरवे असतानाच फांदीचा तेवढा भाग पोटलीत घालून दोरी ओढायची. हवा जाते, ऊन जातं, पिकलेलं फळ खाली पडायच्या ऐवजी पोटलीतच राहतं, पक्षी अडकत नाही. धुऊन पुढच्या वर्षी परत वापरता येतात, माझ्या तिसऱ्या वर्षाला चालल्यात. प्रॉडक्ट म्हणून ह्या पोटल्यांना मी तुतीच्या बरोबरीने मार्क देते. वरच्या उंच फांद्या मी पोटलीशिवाय सोडते, तेवढं त्यांचं.

रोपं घ्यायला वेळ म्हणाल तर फेब्रुवारीअखेर नर्सरीत जा कारण तेव्हा मातृवृक्षावर फळ बघायला मिळतं, आणि उन्हाळ्यात सांभाळायला जमणार नसेल तर तेव्हा फक्त झाड ठरवून या, मामा नाव लिहून ठेवतात, रोप जूनमध्ये पहिला पाऊस झाला की आणा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं तिथेही नर्सऱ्यांचे स्टॉल लागतात, पण तिथे आईझाड दिसत नाही.

मी ह्या वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साधी तुती छाटणार आहे, पेन्सिलीच्या जाडीच्या भरपूर काड्या निघतील. पुण्यातल्या कोणाला हव्या असतील तर खाली सांगून ठेवा, वीतभर काडी, तीन-चार डोळे, खालचे दोन मातीत आणि वरचे बाहेर, सावलीत ठेवून माती ओलसर ठेवली की फुटते. ओला रुमाल आणि पिशवी घेऊन या, काड्या वाळता कामा नयेत.